खंडेनवमीची सांडशी

या, असे पुढे सरका. मागे भिंतीला टेकून बसलेल्याला कीर्तन अर्धंच कळतं आणि गोष्टही अर्धीच. आज मी सांगणार आहे त्या गोष्टीत अंगाला साबण लावलेले एक बुवा आहेत, पाणी न ओढणारी एक मोटर आहे आणि हात मागे बांधून उभे राहिलेले एक मिस्त्री आहेत. त्या दिवशी वडजाईच्या देवळात देवी नेमकी कुणाच्या रूपानं आली होती, ते कळायला मला दिवस मावळावा लागला. तेव्हा मधेच उठू नका, एवढंच मागणं.

"बाई, तुमचं सगळं बरोबर हाय. पण पोरगी म्हंजे पोरगी!"

हे आबा मिस्त्री. मांडीवर पंखा उघडा घालून बसलेले, तोंडात तांब्याच्या तारेचं टोक, त्यामुळे अर्धं बोलणं दातांतून. वडजाई गावातल्या सगळ्या मोटरी, पंखे, मिक्सर आणि एके काळी बँडवाल्यांचा भोंगासुद्धा त्यांच्याच हातून बरा होऊन जायचा. मी त्यांच्या दुकानाच्या पायरीवर उभी, आणि माझ्या मागे आमच्या दहावीची इंदू खिलारे. मान खाली, पण डोळे पंख्याच्या पोटात.

आमचे मुख्याध्यापक देवल सर त्याच वर्षी पुण्याहून बदलून आले होते. भला माणूस. त्यांचं म्हणणं, मुलं दहावी होतात, पण पुढे पोटासाठी काय करायचं ते त्यांना ठाऊक नसतं. डॉक्टर, इंजिनिअर, नाहीतर फौजदार, ह्यापलीकडे निबंध जात नाही. म्हणून त्यांनी 'एक दिवस कामावर' काढलं. दहावीच्या प्रत्येक मुलानं गावातल्या कुणा ना कुणाकडे एक दिवस काम करायचं. कुठे जायचं ते ज्यानं त्यानं निवडायचं. मुलांनी शिंपी निवडला, दवाखाना निवडला, पोस्ट निवडलं. बबन शिंदेनं मिठाईचं दुकान निवडलं, त्याचं कारण विचारायची गरज नव्हती. इंदूनं निवडलं आबा मिस्त्रींचं दुकान.

"एकच दिवस आहे, आबा," मी म्हटलं.

"एका दिसाचं न्हाई हो. तिला पुढं ह्येच शिकायचंय. व्हय का न्हाई गं?"

"व्हय," इंदू म्हणाली. दिवसभरात ती जेवढं बोलायची त्यातलं निम्मं तिथंच संपलं.

एवढ्यात रस्त्यापलीकडून आवाज आला. तिथे इंदूच्या आईची, हौसाबाईची भज्यांची गाडी. गाडी आणि दुकान समोरासमोर, त्यामुळे तीन वर्षं ही पोर भजी तळता तळता आबांचं काम बघत आली होती. तिची भजी नेहमी एका अंगानं करपायची, त्याचं मूळ हेच.

"आबा, तुमीच सांगा तिला!" हौसाबाई झारा उगारून ओरडली. "मी सांगून दमले. दहावी झाली की कराडला मामीकडं जा म्हणते. शिवणक्लास हाय, सावलीतलं काम हाय. तर ह्या बाईसाहेब म्हणत्यात आयटीआय! मोटरीचं! गावात एक तरी बाई मोटरीपुढं बसलेली बघितलीय का?"

"मग तुमचं नक्की म्हणणं काय?" मी मधे पडले.

"माझं म्हणणं सरळ हाय, बाई. आबा मिस्त्रींनी सोत्ताच्या तोंडानं म्हणावं, की हौसा, ह्या पोरीला मी शिकवतो. मी दुसऱ्या दिशी आयटीआयचा फॉरम आणते. न्हाई म्हणले, तर कराड."

आबांनी तोंडातली तार काढली. इंदूकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, मला चालंल. माझं काय जातंय? पण गावाला चालंल का? अण्णा निकमांची मोटर दुरुस्तीला आली आन् त्यांनी बघितलं की पोरीनं उघडलीय, तर मोटर उचलून सरळ तालुक्याला न्हेतील. माझ्या म्हणण्यानं गाव ऐकत न्हाई. गाव डोळ्यानं ऐकतं."

पण एका दिवसाला ते कबूल झाले. "येऊ दे. पण आदीच सांगतो, माझ्याकडं नव्या माणसानं पयलं वरीस नुसतं पाना दे, पक्कड दे, एवढंच करायचं. मोटरीला हात लावायचा न्हाई. माझ्या वस्तादानं मला बी तसंच शिकवलं."

इंदूनं मान हलवली. मला मात्र वाटलं, एका दिवसात नुसता पाना देऊन पोरगी गावाला काय दाखवणार?

आता तारखेचं ऐका. नवरात्राचे घट बसले आणि देवळात वामनबुवा अष्टपुत्र्यांची कीर्तनं सुरू झाली. कीर्तन म्हटलं की मी अन्नपाणी विसरते. लहानपणी मला बोलावणं पाठवावं लागत नसे, झांजेचा आवाज आला की पायांत आपोआप चपला चढत. पहिल्याच माळेला बुवांनी पूर्वरंग रंगवला. म्हणाले, खंडेनवमी म्हणजे हत्यारांचा सण. तलवार ते तलवार आणि सुताराची पटाशी ती काय कमी? देवीला दोन्ही सारखीच. मी डोळे पुसत घरी आले.

दुसऱ्या दिवशी देवल सरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. "मराठे बाई, ही खंडेनवमी. अवजारांचा दिवस! मुलांनी कामाला सुरुवात करायला ह्याहून चांगला दिवस कोणता?"

"वा, सर!" मी म्हटलं. "बुवासुद्धा कालच म्हणाले."

सर पुस्तकांच्या घरातले, मी कारकुनाच्या. आमच्या घरी खंडेनवमीला आई विळीला हळदकुंकू वाहायची, नमस्कार करायची आणि लगेच त्याच विळीवर दुधी चिरायची. शाळेचा शिपाई पांडू काहीतरी सांगू पाहत होता, पण सर म्हणाले, "पांडू, मधे बोलू नकोस, तारीख ठरतेय."

खंडेनवमीला सकाळी मुलं पांगली. सरांनी पुण्याच्या मेहुण्याचा कॅमेरा मागवून घेतला होता. मुलं काम करताना फोटो काढायचे आणि शाळेत लावायचे. मी आणि सर निघालो.

पहिलं घर शिंप्याचं. मशीनवर झेंडूची माळ, चाकाला कुंकवाची बोटं, कात्री पाटावर निजवलेली, आणि आमचा सुभाष समोर मांडी घालून बसलेला.

"शिवत का नाहीस?" सरांनी विचारलं.

"सर, आज मशीन झोपलंय."

शिंपी हात जोडून म्हणाला, "आज हत्यार उचलायचं नसतंय, सर. उद्या दसऱ्याला सोनं वाटून मग हात लावायचा. पोराला म्हटलं, बस, नैवेद्याचं खाऊन जा."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मशीनकडे पाहिलं.

पुढे न्हाव्याच्या दुकानात वस्तरा, कंगवे आणि फवाऱ्याची बाटली चौरंगावर. सुताराकडे रंधा, करवत आणि आमची दोन मुलं एका ओळीत, चौघांच्याही कपाळाला कुंकू. झेरॉक्सवाल्यानं मशीनच्या काचेवरच नारळ ठेवला होता. दवाखान्यात डॉक्टर चिडलेले, कारण कंपाउंडरनं पहाटे येऊन स्टेथोस्कोपला हळद लावली होती आणि त्यांच्या पांढऱ्या डगल्यावर आता पिवळी माळ उमटली होती. पोस्टात शिक्का लाल कापडावर विराजमान, आणि पोस्टमास्तर म्हणत होते, "सरकारी काम आहे, शिक्का मारावाच लागेल, पण जरा दुपारपर्यंत थांबा, देवाला विचारतो." फक्त मिठाईचं दुकान जोरात चालू होतं. बबन शिंदे तेवढा घाम गाळून काम करत होता. तोंडानं.

सरांनी प्रत्येक ठिकाणी फोटो काढला. सगळ्या फोटोंत एकच दृश्य, हत्यार पाटावर आणि मूल हात जोडून. "बाई," शेवटी ते म्हणाले, "हे 'एक दिवस कामावर' नाही. हे 'एक दिवस कामापुढे' आहे."

"आई जगदंबे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

आबांच्या दुकानात तर आरासच होती. पाने थोरल्यापासून धाकट्यापर्यंत मांडलेले, पक्कडीला फूल, हातोड्याला गंध. आबा शुभ्र टोपी घालून बाजूला बसलेले. इंदू शाळेच्या निळ्या परकरात, तेल लावून चापूनचोपून वेणी घालून आली होती. आली होती काम करायला, आणि तिला मिळाला होता पेढा. तिचं तोंड बघवेना. हातातला पेढा तिनं खाल्लासुद्धा नव्हता.

"आबा, एखादा पंखा तरी?" मी म्हटलं.

"बाई, वर्साचे दिस हत्यार आमच्यासाठी राबतं. एक दिस त्याला निजू द्या की. आज त्याला उठवलं, तर वरीसभर हातातनं निसटतंय." मग इंदूकडे वळून, "असं तोंड पाडू नगंस. इचार काय इचारायचं ते. आज हात मोकळं हायत तवा तोंड बी मोकळं हाय. रोज माझ्या तोंडात तार असती."

आणि काय सांगू, ती एरवी मुकी पोर विचारायला लागली. मोटर गरम का होते, गुंगुं आवाज आला पण फिरली नाही तर काय समजायचं, फिरवताना आधी कुठल्या अंगाला. आबा सांगत होते आणि मधे मधे उलट तिलाच विचारत होते. रस्त्यापलीकडची भज्यांची गाडी त्या दिवशी बंद होती, कारण देवळातल्या महाप्रसादाचा स्वयंपाक हौसाबाईकडे होता. नवमीचा होम, मग महाप्रसाद, मग चार वाजता बुवांचं शेवटचं कीर्तन, असा बेत होता.

तेवढ्यात पांडू शिपाई पळत आला. "आबा, चला! देवळाची मोटर बंद पडलीया! तांदूळ धुतल्याबिगर पडलाय, आन् बुवा न्हाणीघरात!"

"मग न्हाऊ द्यात की," आबा म्हणाले.

"न्हात्यातच! साबण लावल्यावर पाणी गेलंया!"

आम्ही सगळे धावलो. देवळामागे विहीर, विहिरीला लागून पत्र्याच्या आडोशात मोटर. पूर्वी तिथे रहाट होता. मोटर आल्यावर रहाट मोडून त्याची लाकडं कुणाच्या तरी चुलीत गेली आणि विहिरीवर जाळी बसली. गावाच्या नळाला एक दिवसाआड पाणी, आणि आज नेमका भाकड दिवस. मोठमोठी पातेली तोंड उघडून बसलेली आणि त्यांच्यामध्ये हौसाबाई एका हातात उलथनं, दुसऱ्या हातात सांडशी घेऊन, प्रत्यक्ष अष्टभुजेतले दोन हात सुटून आल्यासारखी उभी. न्हाणीघराच्या दाराआडून बुवांचा आवाज येत होता. पट्टीचा आवाज! पेटी नसतानाही काळी चारमध्ये.

"अहो, पाणी! डोळ्यांत साबण गेलाय हो!"

देवस्थानचे कारभारी अण्णा निकम येरझाऱ्या घालत होते. मोठा मळा, त्याहून मोठ्या मिशा. आबा दिसताच म्हणाले, "आलात? लावा हात लौकर."

आबांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट अडकवले. "आज खंडं हाय, अण्णा. हत्यार उचलायचं न्हाई."

"अहो, देवीचंच काम हाय! देवी माफ करंल!"

"देवी करंल. पण मी मोडणार न्हाई. माझ्या बापानं मोडलं न्हाई."

"मग कोण करणार? तालुक्यास्नं माणूस आणू? तिथलं बी हत्यार आज पाटावरच असंल!"

"जिचं हत्यार पाटावर न्हाई, ती करंल," आबा म्हणाले आणि हनुवटीनं इंदूकडे खूण केली. "हिच्या मालकीचा पाना न्हाई, पक्कड न्हाई. हिला कशाचं खंडं?"

सगळ्या माना इंदूकडे वळल्या. मग अण्णांच्या मिशा थरथरल्या. "ही? हौसाची पोरगी? मोटर जाळून ठेवली म्हंजे?"

"जळली तर नवी मोटर माझ्याकडनं घ्या. मी तोंडानं सांगतो, ती हातानं करंल."

हौसाबाई पुढे आली. "आबा, कायतरी सांगू नगा हो! शॉक बिक लागंल माझ्या लेकराला!"

"अगं पण पाणी!" हे बुवा, दाराआडून.

इंदू मोटरीपाशी गेली. मला वाटलं, आता मागे वळून आईकडे बघेल. पण तिनं आधी बटणाकडे पाहिलं. मोटर गूंऽऽ करत होती, फिरत नव्हती. तिनं पटकन बटण बंद केलं आणि वळून म्हणाली, "आबा, फ्यूज काढू का?"

"का? बटण बंद हाय की."

"कुणीतरी येडं येऊन दाबंल."

सगळ्यांनी देवल सरांकडे पाहिलं. सर चांगला फोटो यावा म्हणून बटणाच्या खांबाला टेकून, एक हात वर धरून उभे होते. त्यांनी हात हळूच खिशात घातला.

"काढ," आबा म्हणाले. इंदूनं फ्यूज ओढून काढला आणि कमरेला खोचला. आता ही मोटर कुणाच्या बापाला चालू करता येणार नव्हती.

"मागचं झाकण उघड. तीन स्क्रू हायत."

"कशानं उघडू? स्क्रू-ड्रायव्हर...?"

"पाटावर."

इंदूनं इकडेतिकडे पाहिलं आणि आईच्या हातातलं उलथनंच ओढून घेतलं. टोक खाचेत अगदी फिट्ट बसलं.

"अगं, माझं उलथनं वाकंल!"

"गप बस गं, हौसा," आबा म्हणाले. "लेक वाकली न्हाई ह्याचं बघ."

झाकण निघालं. आत पंख्याची पाती आणि दांडा. इंदूनं आईच्या दुसऱ्या हातातली सांडशीही घेतली. हौसाबाई आता रिकाम्या हातांनी, अगदी आबांसारखीच उभी. सांडशीनं दांडा धरून इंदूनं जोर लावला. हलेना. पुन्हा लावला. कपाळावर घाम आला आणि सकाळचं कुंकू ओघळून नाकावर आलं.

"तेल देऊ का गं?" हौसाबाई कळवळून म्हणाली.

"भजी तळायची न्हाईत!" आबा ओरडले. त्यांचे हात मागे आणि अंग पुढे झुकलेलं. बोटं पाठीमागे अशी वळवळत होती, जणू सांडशी त्यांच्याच हातात आहे. "कुठल्या अंगाला फिरवतीस?"

"आदी उलटं. जे अडकलंय, ते आलं तिकडंच परत जातंय."

 आबांनी नुसती मान हलवली. अण्णा निकमांनी ते पाहिलं.

आणि कट्! आवाज झाला. दांडा फिरला. एकदा अडत, मग सैल, मग भोवऱ्यासारखा. इंदूनं सांडशी बाजूला ठेवली आणि बोटानं फिरवून दाखवला. मी नकळत टाळी वाजवली, कीर्तनातली.

झाकण बसवलं. आता फ्यूज घालणार, तोच ती थांबली. "आबा, पाइपातलं पाणी खाली विहिरीत उतरलं असंल. आदी वरनं पंपात पाणी भरावं लागंल, तवाच वढंल. एक बादली तरी."

आली का पंचाईत! पाणी आणायला पाणी हवं. आजूबाजूच्या घरांतून एकेक तांब्या जमवून कशीबशी एक बादली झाली होती, आणि ती न्हाणीघराच्या दाराशी ठेवली होती. बुवांसाठी. पांडू ती आत सरकवणार, एवढ्यात इंदू मधे उभी राहिली.

आता ठरवा! बादलीभर पाणी बुवांच्या अंगावर घालायचं, की एका भजीवालीच्या पोरीच्या शब्दावर मोटरीच्या पोटात? मोटर चालली नाही, तर बुवा तसेच, तांदूळ तसेच, कीर्तन नाही.

"ह्या पोरीच्या भरवशावर बुवांना तसंच ठेवायचं?" अण्णा म्हणाले. "न्हाई जमायचं. बादली आत द्या."

इंदूनं बादलीचा कान सोडला नाही. आवाज मात्र बारीक झाला. "अण्णा, मोटर फिरतीय. नुसतं पाणी पायजे."

तेव्हा दाराआडून बुवा बोलले. आता आवाजात पट्टी नव्हती, नुसता माणूस होता. "अहो, घाला तिला! बाळ, मोटरीला घाल! गंगा खाली आणायची म्हणजे वर कुणीतरी कोरडं उभं राहावंच लागतं. मी उभा आहे!"

बादली मोटरीत गेली. शेवटचा थेंबसुद्धा इंदूनं निथळवला. फ्यूज घातला. सगळ्यांकडे एकदा पाहून बटण दाबलं.

गूंऽऽ... आणि घर्रर्र! मोटर फिरली. पाइप खोकला, हवा ओकला, पुन्हा खोकला. हौसाबाईनं डोळे मिटून घेतले होते. आणि मग धो धो! पहिली धार तांदळाच्या पातेल्यात, दुसरी देवल सरांच्या कॅमेऱ्यावर. न्हाणीघराच्या आतून नळ सुटल्याचा आवाज आला, पाठोपाठ "जय जगदंब!" असा घोष, आणि त्या क्षणी वडजाईत एकही माणूस असा नव्हता ज्यानं त्या घोषाला झील दिली नसेल.

अण्णा निकमांनी धारेखाली हात धरून पाहिला. मग मिशीवरून हात फिरवून म्हणाले, "आबा, माझ्या मळ्यातली मोटर बी चार दिस गुंगुं करतीया. दसरा झाला की या. आन् येताना..." इंदूकडे न बघता, "हिला बी आणा."

आबा हात मागे ठेवूनच हौसाबाईकडे वळले. "हौसा, ह्या पोरीला मी शिकवतो."

 हौसाबाईनं पदर तोंडाला लावला, मग इंदूच्या हातातून उलथनं हिसकावून घेतलं आणि टोक निरखत म्हणाली, "वाकवलंसच शेवटी, भवानी!" आणि त्याच हातानं लेकीच्या नाकावरचं कुंकू पुसून नीट कपाळाला लावलं.

चारचं कीर्तन पाचला सुरू झालं. बुवा असे स्वच्छ, असे टवटवीत, की बुक्का लावणाऱ्याला बोट टेकवायला भीती वाटावी. महिषासुराचं आख्यान लावलं होतं. देवीच्या एकेका हातातलं एकेक आयुध सांगता सांगता मधेच थांबले आणि म्हणाले, "उरलेल्या एका हातात काय होतं, ते पुराणकाराला दिसलं नाही. मला आज दिसलं. साबणाच्या डोळ्यांनी दिसलं. सांडशी होती!" सगळा मंडप हसला. इंदू पातेली घासायला मागे पळाली.

गोष्ट इथे संपली, असं मलाही वाटलं होतं. पण पूर्वरंग संपला म्हणजे कीर्तन संपत नाही.

आरती झाली, माणसं पांगू लागली. माझी छत्री विहिरीपाशी राहिली होती. दिवस मावळत होता, पत्र्याच्या आडोशात अंधूक उजेड होता. मी गेले आणि दारातच थबकले.

आबा मिस्त्री मोटरीपुढे उकिडवे बसले होते. हातात हौसाबाईचं ते वाकलेलं उलथनं. मागच्या झाकणाचा एक स्क्रू ते आवळत होते. शांतपणे, सवयीनं.

"आबा!" मी म्हटलं. "आज हात लावायचा नाही ना? खंडं ना?"

ते दचकले नाहीत. स्क्रूला शेवटचा पीळ दिला आणि वर पाहिलं. "बाई, पुजलंय ते माझ्या दुकानातलं हत्यार. उलथनं हौसाचं. आन् हाताला कुणी हळदकुंकू लावलंय?"

मी उभी राहिले. दुपार सगळी डोळ्यांपुढून फिरली. पाठीमागची ती वळवळणारी बोटं. "म्हणजे दुपारीसुद्धा..."

"दुपारी माझा एक हात जरी लागला असता, तर मोटर आबानं केली असती. पोरगी पाना देणारी ऱ्हायली असती." गुडघ्यांवर हात टेकून ते उठले. "मी म्हटलं नव्हतं? गाव डोळ्यानं ऐकतं."

"आणि जळली असती तर?"

"तर नवी घ्यावी लागली असती," ते हसले. "लई भ्यालो हुतो, बाई. हात मागं धरलं ते खंड्यासाठी न्हाई. पुढं जात हुतं म्हणून धरलं." मग स्क्रूकडे बोट दाखवून म्हणाले, "एक ढिल्ला ठेवलाय पोरीनं. दसरा झाल्यावर बोलतो तिला. बाकी ह्ये कुणाला सांगू नगा. तिला तर नगाच."

मी सांगितलं नाही. आबा होते तोवर नाही. इंदू आयटीआय झाली, आता तालुक्याच्या स्टँडसमोर तिचं दुकान आहे, हाताखाली दोन पोरं आणि एक पोरगी आहे. देवल सरांचा तो कॅमेरा मात्र त्या दिवसानंतर कुणालाच दुरुस्त करता आला नाही. गेल्या खंडेनवमीला मी इंदूकडे गेले होते. पाने, पकडी सगळं पाटावर मांडलेलं, हळदकुंकू वाहिलेलं. फक्त भिंतीवर खिळ्याला एक जुनी काळी सांडशी टांगलेली, तिला कुंकवाचं बोटसुद्धा नाही.

"हिची पूजा नाही?" मी विचारलं.

"न्हाई, बाई," ती म्हणाली. "एक हत्यार जागं ठेवायचं. आज कुणाचं पाणी गेलं तर?" आणि नव्या पोरीला हाक मारली, "ये गं, बाईंना पेढा दे. आन् इचार की काय इचारायचं ते. आज माझं तोंड मोकळं हाय."

त्या दिवशी मी तिला आबांचं सगळं सांगितलं. तिनं सांडशीकडे पाहिलं. मग तिनं आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले आणि पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवले, नुसतं बघायला, की कसं वाटतं.

तुम्हीही आता घरी जा. येत्या खंडेनवमीला विळीला, पेनला, शिवणयंत्राला हळदकुंकू वाहाल, तेव्हा एक बोट कुंकू जास्तीचं काढा. ते कुठे लावायचं ते तुमचं तुम्ही बघा. पण लावताना पुढे जाणारे आपले हात मागे धरून ठेवणाऱ्या आबा मिस्त्रींची आठवण तेवढी असू द्या.